सकाळचा आकडा

सिस्टरबाईंचा दिवस गाडीला शिव्या घालून सुरू व्हायचा. शिव्या म्हणजे काय, तर मेली, भवानी, नखरेल, एवढंच. उभा जन्म नर्सिंगमध्ये गेलेल्या बाईला याहून जहाल काही येत नव्हतं असं नाही, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईला ऐकू जाईल म्हणून त्या आवरतं घ्यायच्या. गाडी विजेवर चालणारी, रात्रभर चार्जिंगला लावलेली. सकाळी बॅटरीचं चित्र काठोकाठ भरलेलं. आणि त्या चित्राशेजारी ही गाडी आज किती किलोमीटर जाईल त्याचा आकडा. सोमवारी दोनशे तीस. मंगळवारी एकशे साठ. बुधवारी पुन्हा दोनशे दहा, आणि गुरुवारी एकदम एकशे पंचेचाळीस. तीच गाडी, तोच रस्ता, चालवणारी तीच. आता माणसाने विश्वास ठेवायचा तरी कशावर, तुम्हीच सांगा.

बाईंचं काम घरोघर फिरण्याचं. अंथरुणाला खिळलेली माणसं, ऑपरेशन होऊन घरी आलेली माणसं, ज्यांना दवाखान्यात नेणं म्हणजे चार माणसांचा खोळंबा, अशांकडे जायचं. जखम धुवायची, पट्टी बदलायची, नळी बदलायची, इंजेक्शन द्यायचं. हे सगळं दुपारपर्यंत. मग घरी येऊन गाडी लावायची, दोन घास खायचे, आणि रस्त्याच्या टोकाला असलेल्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंतची पाळी करायला चालत जायचं. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे नातेवाईकही आता विचारून विचारून थकले होते.

त्यांची एक सवय होती. पेशंटचं सगळं झालं, हात धुतले, बॅग भरली, की निघताना दारात चपला घालता घालता त्या घरातल्या माणसाला विचारायच्या, म्हणजे जो कोणी पेशंटचं करत असेल त्याला. बायको असेल, सून असेल, कुठे मुलगा असेल. "आणि तुमची झोप होते का?" एवढंच. आत विचारलं तर लोक पेशंटच्या देखत होते म्हणतात. दारात विचारलं की खरं बोलतात, कधी रडतातसुद्धा. मग बाई पाच मिनिटं थांबायच्या आणि पुढच्या घरी उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खायच्या.

त्यांच्या स्वतःच्या घरीही पेशंट होताच. वडील. शाळेत खेळाचे मास्तर होते. आवाज असा की मैदानावर शिट्टीची गरज पडायची नाही. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. सगळे शब्द गेले, एकच राहिला. "अगं." लग्न झाल्यापासून बायकोला त्यांनी हाक मारली ती याच शब्दाने, नाव कधी घेतलं नाही, आणि आता नेमका तेवढाच तोंडात शिल्लक होता. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग, आणि पलंगावरून दिवसभर, अगं. आई जिथे असेल तिथून म्हणायची, "आले." यायची. पाणी हवं का? मान हलायची, नको. कूस बदलू? नको. पडदा ओढू? नको. ते तिच्याकडे बघायचे, जरा शांत व्हायचे, डोळे मिटायचे. ती स्वयंपाकघरात पोचून कणकेत हात घालते न घालते तोच पुन्हा, अगं.

सकाळी निघण्याआधी वडिलांचं अंग पुसणं, कपडे बदलणं हे बाई करायच्या. बाकीचं सगळं आईकडे, रात्रीसुद्धा. बाईंची दिवसभर पायपीट. पाठ टेकली की त्या मेल्यासारख्या झोपायच्या. आई खमकी आहे, असं त्या दवाखान्यात सगळ्यांना सांगायच्या. सत्तरी ओलांडली, पण काय हिंमत आहे म्हणून सांगू. यात खोटं काही नव्हतं. आईने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

गाडी दिली होती धाकट्या भावाने. तो दूर, मोठ्या शहरात, पगार चांगला, बायको-मुलं तिथेच. बाबांचं असं झाल्यावर त्याला फार वाईट वाटलं. त्याने स्वतःसाठी नवीन गाडी घेतली आणि जुनी विजेची गाडी ताईला आणून दिली, बाबांना न्यायला-आणायला उपयोगी पडेल म्हणून. त्या दिवशी अंगणात नुसतं त्याचंच कौतुक चाललं होतं. त्याने आईला हाताला धरून चालवायच्या जागेवर बसवलं. ब्रेकवर पाय ठेव म्हणाला, आता हे बटण दाब, हा इथे एसी, झाली गाडी चालू, येतोय का काही आवाज? आई म्हणाली, नाही रे. मग त्याने दार लावून घेतलं, काचेतून ओरडून काहीतरी विचारलं, आणि तिला ते ऐकू आलं नाही याचा त्याला केवढा अभिमान. सगळे चहाला आत गेले तरी आई गाडीतच बसून होती. आवडली वाटतं आईला, म्हणत सगळे हसले. गाडीच्या दोन किल्ल्या होत्या. एक बाईंच्या पर्समध्ये गेली, दुसरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला.

पहिले काही महिने गाडी गुणाने वागली. उन्हाळा तापला आणि आकड्याचं हे नाटक सुरू झालं. बाईंनी काय काय करून बघितलं नाही? टायरमध्ये हवा भरून झाली. डिकीतलं सामान काढून झालं. चढावर जपून, उतारावर जपून, मागून लोक हॉर्न मारून मारून दमले तरी या आपल्या बैलगाडीच्या चालीने. शेवटी त्यांनी एसी लावणंच सोडलं. भर उन्हात काचा खाली करून, घामाने निथळत, तोंडावर धूळ घेत त्या पेशंटच्या दारात पोचायच्या आणि पेशंटच त्यांना विचारायचा, सिस्टर, तुम्हाला बरं नाही का?

एवढं करून दुसऱ्या दिवशी आकडा बघावा तर एकशे पन्नास.

भावाला फोन केला की तो सांगायचा, ताई, तुझा पाय जड आहे. तू उगाच जोरात दाबतेस. माझ्याकडे होती तेव्हा कधी दोनशेच्या खाली आली नाही. मोबाईलवर अॅप घालून दिलंय, त्यात सगळं दिसतं, उघडून बघ की जरा. बाई म्हणायच्या, माझ्या एका हातात पट्टी आणि एका हातात कात्री असते, अॅप काय पायाने उघडू? मग शेवटी तो म्हणायचा, आई कशी आहे? आई मजेत आहे, बाई सांगायच्या.

हा सगळा वैताग एक वेळ सोसला असता. पण डोंगरापलीकडे सुतारकाका होते.

सुतारकाकांना साखरेचा आजार. पायाला लाकडाची ढलपी लागली, त्यांना कळलंच नाही, कारण पायाला जाणच नाही. एक बोट आधीच काढावं लागलेलं. तळव्याला जखम, एक दिवसाआड धुवायची, मेलेली कातडी काढायची, पट्टी करायची. सर्जनने बजावलं होतं की यात खंड पडला तर घोट्यापासून पाय जाईल. त्यांचं घर डोंगर चढून पलीकडे, जाऊन येऊन एकशे तीस किलोमीटर, आणि वाटेत चार्जिंगचं नाव नाही. ज्या दिवशी आकडा दोनशेवर असेल त्या दिवशी बाई गाणं गुणगुणत जायच्या. ज्या दिवशी एकशे पंचेचाळीस, त्या दिवशी चढाला लागल्यावर तो असा भराभर उतरायचा की रस्ता सोडून त्या त्याच्याकडेच बघत राहायच्या.

एकदा त्या अर्ध्या चढावरून परत फिरल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा. नर्सच ती. ताप मोजला, प्रेशर मोजलं, मशीनवर आकडा वाईट दिसला की बघू या म्हणत बसायचं नाही, लगेच हालचाल करायची, हे हाडीमासी खिळलेलं. दुसरी कोणी असती तर देवावर हवाला ठेवून गेली असती. या गेल्या नाहीत. घाटात बंद पडलेली गाडी, आणि मागे दिवसभराचे सगळे पेशंट ताटकळलेले, हे त्यांना दिसायला लागलं. सुतारकाकांच्या बायकोला फोनवर सांगितलं, आज तुम्हीच धुवा, असं करा, तसं करा. तिने केलं बिचारीने. पण त्यानंतर बाई गेल्या तेव्हा पट्टी सोडायच्या आधीच वास आला. दुसरं बोट काळं पडायला लागलं होतं. सुतारकाका पायाकडे न बघता भिंतीवरच्या आपल्या करवती बघत होते. म्हणाले, "सिस्टर, उभं राहिल्याशिवाय रंधा मारता येत नाही." बाईंनी मान खाली घालून काम केलं. परतताना स्टिअरिंगवर मूठ आपटली ती इतकी जोरात की मनगट सुजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचे पेशंट पुढे ढकलून त्यांनी गाडी थेट सर्व्हिस सेंटरवर नेली. तिथे काचेमागे थंडगार हवा, बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि आत एक शांत मेकॅनिक. त्याने वायर लावली, स्क्रीन बघितला, म्हणाला गाडी ठणठणीत आहे, बॅटरी उत्तम. बाईंचा पारा चढला. ठणठणीत असेल तर रोज वेगळं का बोलते? त्यावर त्याने सांगितलं की तो आकडा म्हणजे गाडीचा अंदाज असतो. काल-परवा वीज कशी खर्च झाली त्यावरून ती उद्याचा अंदाज बांधते. बॅटरी भरलेली ती भरलेलीच. मग त्याने विचारलं, "उभ्या गाडीत एसी लावून कोणी बसतं का? गाडी हलत नाही आणि वीज जात राहते. मग तिला वाटतं, ही माणसं भलतीच उधळी आहेत, आणि ती आकडा कमी दाखवते."

बाई म्हणाल्या, आमच्या घरात गाडी चालवता येणारी मी एकटी, आणि मी तर एसी लावणंच सोडलंय. हे त्या जरा चढ्या आवाजात म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हळूच विचारलं, म्हणजे एकशे पंचेचाळीस दाखवत होती तेव्हाही मी डोंगरापलीकडे जाऊन आले असते? तो म्हणाला, आरामात, वर पन्नासेक उरले असते.

प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्या बराच वेळ बसून राहिल्या. दोन खेपा उगाच चुकल्या होत्या. एक बोट काळं पडलं ते एका अंदाजापायी. त्यांना गाडीचा, भावाचा, त्या थंडगार हवेचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा असा काही संताप आला की मेकॅनिकने पाण्याचा ग्लास पुढे केला.

गाडी घरी लावून त्या पाळीला गेल्या, आणि त्याच दुपारी दवाखान्यातली पाण्याची मोटर जळाली. पाणी नाही तर दवाखाना कसला. डॉक्टरांनी सगळ्यांना घरी पाठवलं. भर उन्हात बाई घराकडे निघाल्या. फाटकाशी पोचल्या तोच आतून हाक ऐकू आली. अगं. थोड्या वेळाने पुन्हा, अगं. आईचं "आले" मात्र येईना. आई पडली की काय? त्या धावतच अंगणात शिरल्या, आणि गाडीशी थबकल्या.

आई गाडीत होती. चालवायच्या जागेवर, काचा बंद, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. जवळचं बघायचा चष्मा काढून ठेवलेला. गाडीचं तोंड घराकडे, आणि समोरच पुढच्या खोलीची खिडकी.

बाईंनी दार उघडलं. आतून गार हवेचा झोत आला आणि सकाळपासून तुंबलेलं सगळं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "आई, तुझ्यापायी मी दोनदा अर्ध्या वाटेतून परत आले. तिकडे त्या माणसाचा पाय जातोय, आणि तू इथे एसी लावून बसतेस? बाबा केव्हाचे हाका मारतायत."

आईने वळून बघितलंसुद्धा नाही. "आधी दार लाव," ती म्हणाली. "आत येऊन काय ते बोल."

बाई तणतणत दुसऱ्या बाजूने आत बसल्या आणि दार ओढून घेतलं. हाक तुटली. एकदम काहीच नाही. दोन वर्षांत दिवसाउजेडी एवढी शांतता त्यांनी घरात ऐकली नव्हती, आणि ती इतकी अचानक आली की बोलायचं ते राहूनच गेलं.

आई खिडकीकडे बघत म्हणाली, "हे दिसतात इथून. तोंड हलतंय ना, म्हणजे बोलावतायत. जाते मी. टाकून नाही गं जात त्यांना. फक्त लगेच नाही जात."

मग तिने हळूहळू सांगितलं. रात्र बरी गेली असेल तर ती इकडे येतही नाही. रात्रभर जागरण झालं की दुपारी इथे येऊन बसते. झोपत नाही, झोप लागतच नाही. नुसती बसते. ज्या दिवशी फारच झालं त्या दिवशी तू यायच्या आधी कशीबशी उठते. वीज एवढी जाते हे तिला माहीत नव्हतं. गाडी दाराशी उभी आहे, कुठे जात नाही, म्हणजे काही खर्च होत नाही, असंच तिला वाटलं होतं.

"त्या सुताराच्या बायकोचा फोन आला होता, तू परत फिरलीस त्या दिवशी," आई म्हणाली. "म्हणत होती, तुमची मुलगी फार चांगली. दर वेळी विचारते हो, तुमची झोप होते का म्हणून. मी म्हटलं, हो, आहेच ती चांगली."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांना आठवायचा प्रयत्न करूनही आठवेना, आपण घरून निघताना चपला घालता घालता हिला कधी विचारलंय का ते. नव्हतंच विचारलं. उन्हाळाभर रोज सकाळी गाडी त्यांना आईचं जागरण सांगत होती, दोनशे तीस, एकशे साठ, एकशे पंचेचाळीस, आणि त्या तिला भवानी म्हणत होत्या. त्यांना रडू आलं. आईने मांडीवरचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "बस जरा. जाऊ दोघी."

त्या रात्री बाईंनी भावाला फोन लावला. त्याने लगेच गाडीचं काढलं, म्हणाला, सापडला का दोष? बाई म्हणाल्या, "गाडीत दोष नाही. आईला रात्रीची झोप नाही. महिन्यातून दोन शनिवार-रविवार तू इथे यायचंस आणि बाबांचं सगळं करायचंस. गाडी दिलीस ते झालं." कुठले शनिवार, त्याने विचारलं. मग तो म्हणाला, येतो. बाईंनी आपल्यापुरत्या आठवड्यातल्या तीन रात्री घेतल्या. पुढच्या खोलीत वडिलांच्या पलंगाशी अंथरूण घातलं, आणि पहिल्याच रात्री त्यांना कळलं की ती हाक रात्री किती वेळा येते. सकाळी पट्टी कापताना त्यांची कात्री दोनदा वाकडी गेली.

भाऊ आला. खरंच आला. शनिवारी उत्साहाने त्याने बाबांची दाढी केली, त्यांना मोबाईलवर नातवंडांचे फोटो दाखवले, दर हाकेला उठला, पाणी का बाबा, उशी का बाबा, असं विचारत राहिला. रात्रीही तोच त्यांच्याजवळ झोपला, म्हणजे आडवा झाला. रविवारी सकाळी त्याचे डोळे सुजलेले. जेवणं झाली. आई आतल्या खोलीत कधी नव्हे ती गाढ झोपली होती. बाई ओट्याशी भांडी पुसत होत्या. वडील हाका मारत होते, आणि भावाचा आवाज बराच वेळ आला नाही.

बाईंनी पुढच्या खोलीत येऊन वडिलांची कूस बदलली आणि सहज खिडकीबाहेर बघितलं. मघाशी तो गाडीचं काहीतरी बघून येतो म्हणाला होता. गाडीच्या काचा बंद. आत चालवायच्या जागेवर धाकटा भाऊ, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, तोंड घराकडे. बहिणीची आणि त्याची नजरानजर झाली. त्याने मान खाली घातली, पण उठला नाही.

बाईंना वाटलं होतं, असं काही झालं तर आपण त्याला सोलून काढू. पाय जड आहे म्हणतोस काय. पण त्यांनी खिडकीचा पडदा अर्धा ओढला, म्हणजे बाबांचं हलतं तोंड त्याला दिसू नये, आणि वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसल्या. "अगं," वडील म्हणाले. "आले," बाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी आकडा एकशे अडतीस होता. इतका खाली तो कधीच गेला नव्हता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, आईला दारातूनच विचारलं, झोप झाली का, आणि झाली म्हणाल्यावर काचा वर करून, एसी लावून त्या डोंगराच्या रस्त्याला लागल्या. सुतारकाकांचं काळं पडलेलं बोट सर्जनने काढलं होतं. जखमेचा वास गेला होता, आत ताजं लाल मांस भरत होतं, पाय राहणार होता. काका भिंतीला धरून उभे राहिले आणि त्यांनी रंध्यावर हात ठेवून बघितला. चपला घालताना बाईंनी त्यांच्या बायकोला नेहमीचं विचारलं. ती रडायला लागली तेव्हा बाई उंबऱ्यावर तिच्याशेजारी बसल्या, आणि पुढच्या घरी त्यांना बराच उशीर झाला.